कोरांटी: परसातल्या काटक फुलझुडपाची लागवड, छाटणी आणि निगा

कोरांटी हे झुडूप महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी कधी विकत आणलेले नसते. शेजारच्या परसातून मोडून घेतलेली फांदी, कुंपणाच्या कडेला आपोआप रुजलेले रोप किंवा माहेरून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काड्या, अशाच वाटांनी ते एका घरातून दुसऱ्या घरात जाते. आणि बहुधा म्हणूनच बागेची आखणी करताना त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. गुलाबाला वाफा मिळतो, जास्वंदीला दर्शनी जागा मिळते, मोगऱ्याला अंगणातली मोठी कुंडी मिळते आणि कोरांटी मात्र विहिरीच्या मागे, गोठ्याच्या कडेला किंवा गडग्याच्या पायथ्याशी उरलेल्या जागेत उभी राहते. तिथेही ती फुलते, हा तिचा गुण आहे. परंतु तीच कोरांटी भरपूर उन्हात आणि निचऱ्याच्या जमिनीत लावली, वर्षातून एकदा नेमक्या वेळी कडक छाटली आणि नारळी पौर्णिमेनंतर तिला कात्री लावली नाही, तर पावसाळा ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत तिच्याइतका भरवशाचा फुलोरा घरच्या बागेत क्वचितच दुसरे एखादे झुडूप देते. या लेखात तिची निवड, लागवड आणि निगा क्रमाने सांगितली आहे. सर्वांत अधिक जागा छाटणीला दिली आहे, कारण कोरांटी कमी फुलते अशी तक्रार जिथे ऐकू येते, तिथे दोष बहुतेक वेळा पाण्याचा किंवा खताचा नसून चुकीच्या महिन्यात चाललेल्या कात्रीचा असतो.

कोणती कोरांटी निवडावी

घरगुती बागेत प्रामुख्याने दोन जाती दिसतात आणि त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की निवड आधीच पक्की करणे श्रेयस्कर ठरते. पहिली पिवळी कोरांटी, जिला काटेकोरांटी किंवा वज्रदंती असेही म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. तिच्या पानांच्या बेचक्यात सुईसारखे सरळ, तीक्ष्ण काटे असतात, फुले केशरी झाक असलेल्या पिवळ्या रंगाची असतात आणि झुडूप साधारणपणे एक ते दीड मीटर उंच होते. दुसरी जांभळी कोरांटी, म्हणजे बार्लेरिया क्रिस्टाटा. हिच्या बेचक्यात काटे नसतात, पण फुलाखालच्या हिरव्या दलांच्या कडा दातेरी आणि टोचऱ्या असतात. हिची फुले जांभळी, पांढरी, गुलाबीसर किंवा पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली अशी अनेक रंगांत मिळतात. दोन्ही जाती अडुळशाच्या कुळातल्या आहेत आणि दोघींचीही शास्त्रीय नावे कार्ल लिनियसने १७५३ मध्ये दिली. बार्लेरिया हे प्रजातीचे नाव सतराव्या शतकातील जाक बारलिये या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतिअभ्यासकावरून पडले आहे. रंगावरून कोरांटी ओळखण्याची रीत मात्र आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. संस्कृत कोशांत पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या फुलांच्या झुडपांना कुरण्टक, कुरबक आणि बाण अशी स्वतंत्र नावे आढळतात.

कुंपण हवे असेल, मोकाट गुरे किंवा कुत्री अडवायची असतील, तर पिवळ्या कोरांटीला पर्याय नाही. तिचे काटे मात्र बारीक असल्याने कातडीत मोडून राहतात, म्हणून पायवाटेच्या अगदी कडेला, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ किंवा वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली ती लावू नये. दारासमोर, खिडकीखाली किंवा तुळशीवृंदावनाच्या आसपास जांभळी किंवा पांढरी कोरांटी अधिक शोभते. माझे मत विचारल्यास, एकाच रंगाची पाच-सात झुडपे एकत्र लावावीत आणि रंगांची सरमिसळ टाळावी. जांभळ्यामध्ये अधूनमधून पांढरे रोप आले की दोन्हींचा उठाव कमी होतो, उलट पांढऱ्या कोरांटीचा सलग ताटवा संध्याकाळच्या कमी उजेडातही दुरून ओळखता येतो. याशिवाय रोपवाटिकांत बार्लेरिया रेपेन्स ही पूर्व आफ्रिकेतून आलेली, तांबूस-केशरी फुलांची पसरट जात मिळते. ती बुटकी असून जमिनीलगत फांद्या पसरत जाते, त्यामुळे उतारावर किंवा टांगत्या कुंडीत ती चांगली दिसते.

रोपवाटिकेतून रोप आणताना एक खबरदारी घ्यावी. जांभळी कोरांटी म्हणून कधी कधी रुएलिया या दुसऱ्याच फुलझाडाचे रोप हातात पडते, कारण दोघींची फुले दुरून सारखी भासतात. फुलाच्या तळाशी पाहिले की शंका मिटते. कोरांटीच्या फुलाला बाहेरून दोन मोठी, शिरा ठळक असलेली, दातेरी हिरवी दले कवटाळून असतात आणि फूल गळल्यावरही ती फांदीवर तशीच राहतात. रुएलियाला अशी रुंद दले नसतात. तिची पाने पुष्कळदा लांब आणि अरुंद असतात.

जागा आणि माती

दिवसाकाठी किमान पाच ते सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. अर्धसावलीत कोरांटी जगते, पाने गडद हिरवी ठेवते, पण फांद्या लांब होऊन वाकतात आणि फुले फक्त उजेडाच्या बाजूला येतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या घेराखाली ती लावू नये. तिथे सावली तर असतेच, शिवाय मोठ्या झाडाची मुळे तिच्या वाट्याचे पाणीही घेतात. इमारतीच्या गच्चीवर दक्षिण किंवा पश्चिम बाजू मिळत असेल तर ती कोरांटीसाठी राखून ठेवावी, कारण दुपारच्या ज्या उन्हात इतर कुंड्यांची पाने करपतात त्या उन्हात ही टिकते.

मातीच्या बाबतीत एकच अट कठोरपणे पाळावी लागते, ती म्हणजे निचरा. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत पाणी साचत नसल्याने कोरांटी सहज येते. तिथे खड्ड्यात शेणखत आणि थोडी बारीक माती घातली की पुरते, कारण जांभ्याची जमीन मुळात पोषणात उणी असते. पश्चिम महाराष्ट्रातील मुरमाड माळजमिनीतही ती चांगली वाढते. खरी काळजी घ्यावी लागते ती विदर्भ आणि मराठवाड्याच्या भारी काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही, परिणामी ऐन भाद्रपदात, कळ्या धरण्याच्या वेळी, झुडपाची खालची पाने पिवळी पडून गळू लागतात. अशा जमिनीत सपाट खड्डा न करता जमिनीपासून वीतभर उंच वरंबा करून त्यावर लागवड करावी आणि मातीत एक तृतीयांश मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी.

कुंडीत लावायची असल्यास बारा ते चौदा इंची कुंडी घ्यावी. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असे मिश्रण पुरेसे होते. कुंडीच्या तळाचे भोक खापरीच्या तुकड्याने असे झाकावे की माती वाहून जाणार नाही, पण पाणी अडणार नाही. कोकोपीटचे प्रमाण वाढवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण पावसाळ्यात ते फार काळ ओले राहते आणि कोरांटीला ती ओल सोसत नाही.

काडीपासून रोप तयार करणे

कोरांटी बियांपासूनही येते, पण आईच्या झाडासारखाच रंग हवा असेल तर काडीची लागवड करावी. पट्टेदार फुलांच्या बाबतीत तर हाच मार्ग धरावा, कारण बियांच्या रोपांत पट्टे टिकतीलच असे नाही.

मृगाचा पाऊस पडून हवेत गारवा आला की, म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत, काड्या घ्याव्यात. फांदीचा कोवळा लुसलुशीत शेंडा घेऊ नये आणि तळाचे जून लाकूडही घेऊ नये. या दोहोंच्या मधला, वाकवला तर सहज न मोडणारा पण पुरता कडकही न झालेला भाग उत्तम. पेन्सिलीएवढ्या जाडीची, बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची, तीन-चार पेरे असलेली काडी धारदार कात्रीने कापावी. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली आणि तिरका घ्यावा, वरचा काप पेऱ्याच्या वर सरळ घ्यावा, म्हणजे नंतर वरची बाजू कोणती याचा घोटाळा होत नाही. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढून टाकावीत आणि ठेवलेली पाने मोठी असतील तर तीही निम्मी कापावीत. पिवळ्या कोरांटीच्या काडीवरचे खालच्या दोन पेऱ्यांचे काटे छाटून टाकले की हाताळणे सोपे जाते.

ओल्या वाळूत किंवा वाळू आणि गांडूळखताच्या समभाग मिश्रणात काडीची खालची दोन पेरी पुरली जातील इतकी खोल ती रोवावी, भोवतालची माती बोटांनी दाबावी आणि कुंडी पागोळीचे पाणी पडणार नाही अशा सावलीत ठेवावी. रुजण्याचे द्रव्य वापरले तर चालते, पण कोरांटीला त्याची गरज भासत नाही. साधारण तीन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. वर नवी पाने दिसू लागली म्हणून काडी उपटून पाहू नये, कारण साठलेल्या अन्नावर पाने आधी फुटतात आणि मुळे नंतर येतात. काडी हलकेच ओढल्यावर ती मातीला धरून राहते असे जाणवले, की मुळे आली असे समजावे.

याहूनही सोपी रीत म्हणजे दाब कलम. पसरलेल्या झुडपाची खालची फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीवर वाकवून एका पेऱ्यावर माती आणि दगड ठेवला, तर पावसाळा संपेपर्यंत तिथे मुळे धरतात. मग ती फांदी आईच्या झाडापासून कापून दुसरीकडे लावता येते. कोकणातल्या सततच्या पावसात तर जमिनीला टेकलेल्या फांद्यांना काही न करताही मुळे फुटलेली दिसतात.

लागवड

रोप कायमच्या जागी हलवण्यासाठी ऑगस्टमधला एखादा पंधरवडा किंवा पुढच्या वर्षीचा जून हे दोनच काळ सुचवावेसे वाटतात. थंडीत लावलेले रोप मरत नाही, पण मुळे पसरण्याआधीच उन्हाळा येऊन ठेपतो आणि मग पहिले वर्ष नुसते जगण्यात जाते.

दीड फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा करून त्यातल्या मातीत एक घमेले कुजलेले शेणखत मिसळावे. रोप पिशवीत ज्या खोलीवर होते त्याच खोलीवर लावावे. खोडाभोवती मातीचा ढीग करू नये. एकटे झुडूप म्हणून वाढवायचे असेल तर भोवती मीटरभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे ते चहूबाजूंनी गोल भरते. कुंपणासाठी दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. गुरांना अडवणारे दाट कुंपण हवे असेल तर फूटभर अंतरावर दुसरी ओळ घ्यावी आणि पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर दुसऱ्या ओळीतले रोप येईल अशी रचना करावी. भिंतीपासून किमान दोन फूट अंतर सोडणे आवश्यक आहे. नाहीतर भिंतीकडची बाजू बोडकी राहते आणि छाटणीसाठी मागे जाताही येत नाही.

कोरांटीच्या मागे तगर आणि पुढे अबोली लावली तर तीन पायऱ्यांची चांगली रचना साधते. तगरीची पांढरी फुले वर्षभर तुरळक येत राहतात, अबोली कमरेच्या खाली राहते आणि मधल्या उंचीवर थंडीभर कोरांटीचा रंग भरतो. जांभळ्या कोरांटीशेजारी झेंडू लावण्याचा प्रघात आहे आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत तो फार खुलून दिसतो.

पाणी आणि खत

पहिले वर्ष सोडले तर कोरांटीला पाणी फारसे लागत नाही. पहिल्या उन्हाळ्यात जमिनीतल्या रोपाला आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे, पुढच्या वर्षांपासून उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांतून एकदा दिले तरी झुडूप तग धरते. कुंडीला मात्र मातीचा वरचा इंचभर थर कोरडा झाला की पाणी हवे. ऑक्टोबरच्या उन्हात, कळ्या भरत असताना, माती अगदी कोरडीठाक पडू देऊ नये. वर्षभरातला हा एवढाच काळ पाण्याच्या बाबतीत काटेकोर राहण्याचा आहे, कारण ताण बसला तर कळ्या उमलण्याआधीच सुकतात.

जूनमध्ये प्रत्येक झुडपाला अर्धे घमेले शेणखत आणि गणपतीच्या सुमारास मूठभर गांडूळखत दिले की वर्षाचे खत झाले. युरियासारखे नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने पाने मोठी आणि मऊ होतात, त्यांच्यावर मावा येतो आणि फुले कमी लागतात.

छाटणीचे वेळापत्रक

कोरांटीची फुले त्या वर्षी आलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत येतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की छाटणीचे सगळे नियम आपोआप उलगडतात. जितक्या अधिक नव्या फांद्या, तितके अधिक शेंडे आणि तितकी अधिक फुले. आणि शेंडे कापण्याचे काम कळ्या धरण्याच्या आधी पूर्ण झालेले असले पाहिजे.

मुख्य छाटणी फुलोरा संपल्यावर करावी. जांभळ्या कोरांटीचा बहर बहुतेक ठिकाणी जानेवारीपर्यंत ओसरतो, पिवळीचा फेब्रुवारीपर्यंत लांबतो. त्यानंतर माघ-फाल्गुनात झुडपाची उंची साधारण निम्मी होईल अशी कडक छाटणी करावी. सुकलेल्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि मध्यभागी दाटी करणाऱ्या बारीक काड्या मुळाशी कापाव्यात, म्हणजे झुडपाच्या आत हवा खेळते. काप नेहमी पेऱ्याच्या वर बोटभर अंतरावर घ्यावा, कारण प्रत्येक पेऱ्यातून समोरासमोर दोन धुमारे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात.

या नियमाला एक अपवाद करावा लागतो. ज्या भागात उन्हाळ्यात बागेला पाणी देणे शक्य नसते, तिथे फाल्गुनात छाटणी केली तर फुटलेले कोवळे धुमारे एप्रिल-मेच्या झळांत करपतात आणि झुडपाची शक्ती वाया जाते. अशा ठिकाणी उन्हाळाभर झुडूप तसेच ठेवावे, पाने गळाली तरी काळजी करू नये आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, ही छाटणी करावी. नव्या फुटव्याला लगेच पावसाळा मिळतो आणि दोन महिन्यांत झुडूप पुन्हा भरते. दुष्काळी पट्ट्यात हीच पद्धत अधिक हिताची आहे.

दुसरे काम शेंडे खुडण्याचे. जुलैच्या सुरुवातीला नव्या फांद्या वीतभर लांब झाल्या की त्यांचे शेंडे दोन पाने ठेवून बोटांनी खुडावेत. चार आठवड्यांनी, पुन्हा तितकी वाढ झाल्यावर, आणखी एकदा खुडावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण शेंडे खुडलेले आणि न खुडलेले झुडूप शेजारी असेल तर थंडीत त्यांच्यातला फरक कोणालाही न सांगता कळतो. न खुडलेल्या झुडपाच्या फांद्या उंच जाऊन फुले टोकालाच येतात; खुडलेले झुडूप खालपासून वरपर्यंत फुलते.

तिसरा नियम कात्री बाजूला ठेवण्याचा. नारळी पौर्णिमेनंतर कोरांटीला कात्री लावू नये, ही खूणगाठ बांधून ठेवावी. गणपतीच्या किंवा दसऱ्याच्या आधी घराभोवतीची साफसफाई होते, माळी येतो, कुंपण एका पातळीत दिसावे म्हणून वरून सरसकट कातरले जाते आणि त्या एका तासात पूर्ण हंगामाच्या कळ्या जमिनीवर पडतात. निवासी संकुलांच्या आवारात कोरांटीची कुंपणे थंडीतही नुसती हिरवी दिसतात त्याचे कारण हेच आहे. वर्षभर दर महिन्याला कातरून चौकोनी ठेवलेली कोरांटी ही फुलझुडपाची विटंबना आहे असे मी मानतो. ज्यांना चौकोनी हिरवी भिंतच हवी आहे त्यांनी मेंदी किंवा दुरांटा लावावा आणि कोरांटीला तिच्या घेराने वाढू द्यावे.

काम करताना जाड चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. द्राक्षबागेत वापरतात तो सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, या फांद्यांसाठी पुरेसा असतो. पिवळ्या कोरांटीच्या छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी गोळा कराव्यात, कारण सुकल्यावर काटे अधिक कडक होतात आणि चपलेतूनही टोचतात. या फांद्या भाजीच्या वाफ्याभोवती किंवा नव्या रोपांभोवती पसरल्या तर कोंबड्या आणि मांजरे तिकडे फिरकत नाहीत.

कीड, रोग आणि राखून ठेवायच्या अळ्या

दाट वाढलेल्या, सावलीतल्या झुडपावर पिठ्या ढेकूण येतो, कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो आणि थंडीत हवा न खेळणाऱ्या पानांवर क्वचित भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसते. प्रादुर्भाव थोडा असेल तर ती फांदी कापून टाकावी आणि उरलेल्या भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता सौम्य द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारावे. उमललेल्या फुलांवर फवारा जाऊ देऊ नये. याहून तीव्र कीटकनाशकाची वेळ घरगुती कोरांटीवर सहसा येत नाही.

पानांवर काळपट, अंगभर फाटे फुटलेले काटेरी केस असलेल्या अळ्या दिसल्या तर मात्र हात आवरावा. लेमन पॅन्सी आणि पीकॉक पॅन्सी या आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्या कोरांटीच्या पानांवर वाढतात. त्या काही पाने खातात, पण झुडपाचे कायमचे नुकसान करत नाहीत, कारण पावसाळ्यात नवी पाने लगेच फुटतात. घराच्या बागेत फुलपाखरे यावीत असे वाटत असेल तर नुसती मधाची फुले लावून भागत नाही, अळ्यांच्या खाद्यवनस्पतीही लागतात, आणि त्या दृष्टीने चार-पाच कोरांट्यांचे झुडूपबन हा फार मोलाचा ठेवा आहे.

फुलोरा पाहणे आणि वापरणे

कोरांटीच्या एका फुलाचे आयुष्य थोडे असते, त्यामुळे ती सकाळी पाहावी. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार वरच्या बाजूला आणि एक वेगळी खालच्या बाजूला वळलेली असते. पिवळ्या कोरांटीत ही चार-एक अशी विभागणी फार स्पष्ट दिसते. दोन लांब पुंकेसर फुलाबाहेर डोकावतात आणि मध लांब नळीच्या बुडाशी असतो, म्हणून लांब सोंडेची फुलपाखरे, मोठ्या भुंग्यांसारख्या माश्या आणि बाकदार चोचीचे शिंजीर पक्षी तिच्याकडे वारंवार येतात. सकाळी साताठ वाजता झुडपापासून चार-पाच पावलांवर शांत बसले तर एखादा शिंजीर फांदीला उलटा लोंबकळत फुलामागून फूल तपासताना दिसण्याची शक्यता बरीच असते. या कारणासाठीच एखादे झुडूप स्वयंपाकघराच्या किंवा बसण्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसेल असे लावावे.

फुलांना सुवास नाही. पूजेसाठी मात्र ती आवडीने वापरली जातात आणि ज्या दिवसांत मोगरा नसतो त्या दिवसांत देवघराची फुलांची गरज एकटी कोरांटी भागवते. तमिळनाडूत जांभळ्या कोरांटीला डिसेंबरचे फूल म्हणतात आणि तिचे गजरे केसांत माळतात. लांब नळीमुळे सुईशिवाय, अबोलीच्या वळेसराप्रमाणे, दोऱ्याच्या गाठींत ती गुंफता येते. गजऱ्यासाठी फुले पहाटे, पूर्ण उमलण्याच्या किंचित आधी तोडावीत आणि ओल्या फडक्यात ठेवावीत. काट्यांमुळे पिवळ्या कोरांटीची फुले चिमटीत नळी धरून वरच्या दिशेने अलगद ओढून घ्यावीत.

वज्रदंती या नावाने पिवळी कोरांटी दातांच्या औषधांत प्रसिद्ध आहे. पान चावून हिरड्यांना चोळण्याचा घरगुती प्रघातही आहे. तथापि बागेतले झुडूप औषध म्हणून पोटात घेण्याचा निर्णय वैद्यांच्या सल्ल्याशिवाय करू नये.

बी, प्रसार आणि काही मर्यादा

फुले गळल्यावर चोचीसारखे टोक असलेली बोंडे धरतात. ती तपकिरी होऊन सुकली की तडकतात आणि चपट्या बिया दूर फेकल्या जातात, म्हणून पावसाळ्यात झुडपाच्या भोवती रोपांचा गालिचा उगवलेला दिसतो. बी हवे असेल तर बोंड तपकिरी होऊ लागताच फांदीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. रोपे नको असतील तर फुलोरा संपताच, बोंडे सुकण्याआधी, छाटणी उरकावी, आणि तरीही उगवलेली रोपे चार पानांची असताना उपटावीत. त्यानंतर त्यांची मुळे जमीन घट्ट धरतात.

हा जोम सगळीकडे गुणाचा ठरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात पिवळी कोरांटी उपद्रवी तण म्हणून घोषित आहे, आणि प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर जांभळी कोरांटी बागेबाहेर पसरलेली आहे. उष्ण प्रदेशांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी आठवणीखातर बी किंवा काडी नेण्याचा विचार करू नये. तिथले स्थानिक नियम पाहून त्याच भूमीतले झुडूप निवडावे.

उलट दिशेनेही एक पथ्य पाळावे. सह्याद्रीत कोरांटीच्या अनेक रानटी जाती आहेत आणि त्यांतल्या काही पश्चिम घाटाबाहेर कुठेही सापडत नाहीत. बार्लेरिया गिब्सनी ही त्यांपैकी एक असून तिचे नाव अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून आहे. त्यांनी पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे काम पाहिले आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरात फिरताना अशी कोरांटी दिसली तर तिचे छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी, पण रोप उपटू नये.

जुने झुडूप नव्याने वाढवणे

सात-आठ वर्षांनंतर कोरांटी तळाशी जून आणि बोडकी होते, फुले फक्त वरच्या टोकाला येतात आणि मधल्या फांद्या वाळू लागतात. असे झुडूप उपटून टाकण्याची घाई करू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस सगळी खोडे जमिनीपासून वीतभर उंचीवर करवतीने कापावीत, भोवतालची माती कुदळीने वरवर मोकळी करून त्यात एक घमेले शेणखत मिसळावे आणि पहिल्या पावसाची वाट पाहावी. बुंध्यापासून अनेक धुमारे फुटतात. त्यांपैकी जोमदार आठ-दहा ठेवून बाकीचे काढावेत आणि उरलेल्यांचे शेंडे जुलैत एकदाच खुडावेत. त्या वर्षी फुले कमी येतील, दुसऱ्या वर्षी झुडूप पूर्ववत भरेल. कुंपण असेल तर सगळी ओळ एकाच वर्षी कापू नये. यंदा एक सोडून एक झुडूप कापावे आणि उरलेली पुढच्या वर्षी कापावीत, म्हणजे आडोसा मोडत नाही, गुरे आत शिरत नाहीत आणि थंडीची फुलेही पूर्णपणे चुकत नाहीत. छाटलेल्या खोडांतून निघणाऱ्या मध्यम जाडीच्या काड्या फेकू नयेत. मृग लागताच त्या वाळूत रोवून ठेवल्या तर ओळीतली रिकामी ठिकाणे भरायला रोपे घरचीच मिळतात.